मागं काय ठेवलं, असं विचारणारा वकील

केशव वकील गेल्याचं कळलं तेव्हा मला पहिल्यांदा जे वाटलं ते दुःख नव्हतं. हे आधी सांगून टाकतो. ते सांगितल्याशिवाय त्याच्याबद्दल पुढचं एक अक्षरही लिहायचा मला अधिकार नाही. सेलूचा बाजार होता आणि मी वांगी निवडत उकिडवा बसलो होतो. वांगी विकणाऱ्या बाईचा नवरा वर्ध्याच्या मोटारीतून नुकताच उतरून आला होता. तो म्हणाला, “गुरुजी, तुमचे ते वकीलसाहेब गेले म्हन्ते. काल सकाळी.” मी हातातलं वांगं तसंच धरून उभा राहिलो, आणि माझ्या मनात आलं… आता मला कोणी विचारणार नाही. सुटलो. मग मी वांग्यांचे पैसे दिले, पिशवी उचलली, आणि घराच्या वाटेवर शाळेच्या कुंपणाशी मला रडू आलं. ते केशवसाठी होतं की स्वतःच्या त्या पहिल्या विचाराच्या लाजेचं, ते अजून मला नीट सांगता येत नाही.

मी कोर्टात शपथेवर खोटं बोललो होतो. माझ्या बालमित्रानं मला साक्षीदार म्हणून उभं केलं होतं आणि मी त्याच्या डोळ्यांदेखत खोटं बोललो. त्या खोट्यानं एका माणसाला त्याच्या गावातून काढून देशाबाहेर पाठवलं. पण केशवचं नुकसान वेगळं आणि मोठं होतं. मी खोटं बोललो असं त्याच्या मनातसुद्धा आलं नाही. त्याला वाटलं, आपलीच वकिलीची रीत चुकली. आणि मी त्याला तसं वाटू दिलं.

हिंगणघाटच्या शाळेत आम्ही एका बाकावर होतो. पुढे तो नागपूरला कायदा शिकला आणि वर्ध्यात वकिली करू लागला. मी मास्तर झालो आणि गिरडच्या शाळेत रुजू झालो. त्याची वकिली सुरुवातीला चारचौघांसारखीच होती, शेताच्या बांधाची भांडणं, भाऊवाटण्या. स्वातंत्र्यानंतर मात्र एक नव्याच प्रकारची माणसं त्याच्या ओसरीवर येऊन बसू लागली. कोणी फाळणीच्या गडबडीत कराचीला, लाहोरला गेलेलं, कोणी नोकरीसाठी, कोणी घाबरून, कोणी नुसतं भावाला भेटायला. आधी इकडून तिकडे जायला तिकीट पुरत होतं, मग परवाना लागू लागला, मग पासपोर्ट आणि व्हिसा. माणूस परत आला तो दुसऱ्या देशाचा पासपोर्ट घेऊन, कारण त्याशिवाय येऊच देत नव्हते. आणि व्हिसाची मुदत संपली की पोलीस दारात… तुम्ही परदेशी आहात, निघा. आपल्याच गावात, आपल्याच घरात परदेशी. अशांना एकच गोष्ट शाबीत करावी लागे, की मी गेलो होतो तो कायमचा राहायला गेलो नव्हतो. पण मनातला हेतू शाबीत कसा करायचा? तो कोणाच्या पेटीत ठेवलेला असतो?

केशवनं त्याची एक रीत शोधली होती. अशील समोर बसला की बाकीचे वकील त्याला कागद मागत. केशव विचारी, “जाताना मागं काय ठेवलं?” सेलूकडची एक बांगड्या भरणारी म्हातारी आली होती, तेव्हा मी तिथंच होतो. ती म्हणाली, “काय ठेवन बाप्पा, झोपडं होतं, ते राह्यलं.” “झोपड्याशिवाय?” “एक खाट.” “अजून?” ती बराच वेळ आठवत राहिली आणि म्हणाली, “लोनच्याची बरनी शेजारनीच्या घरी ठेवलीती. हलवत राह्यजो म्हनलं, नाईतर बुरशी येते.” केशव एकदम ताठ बसला. “कधी घातलं होतं लोणचं?” “जायच्या आधीच्या हप्त्यात.” मग कोर्टात ती शेजारीण उभी राहिली, वर्षभर बरणी कशी हलवली ते तिनं हात फिरवून दाखवलं, आणि केशव एवढंच म्हणाला, “साहेब, वर्षाचं लोणचं घालून कोणी देश सोडत नाही.” न्यायाधीशांनी रुमाल तोंडाशी नेला. म्हातारी राहिली. पुढे प्रत्येक उन्हाळ्यात त्या घरचं लोणचं केशवकडे यायचं, आणि इतकं तिखट असायचं की आम्ही दोघं नाक पुसत खायचो.

त्याची दुसरी सवय अशी की साक्षीदाराला तो कधी पढवत नसे. “खरं बोलायला तालीम कशाला लागते?” म्हणायचा. आणि तिसरी, त्याच्या ओसरीच्या दाराला दिवसा कधी कडी नसे. ओसरीवर एक लांब लाकडी बाक होता, त्यावर कोणीही येऊन बसावं. “ज्याला स्वतःच्या घरी जायलाही परवानगी लागते,” तो म्हणाला होता, “त्यानं निदान माझं दार वाजवू नये.”

अशा खटल्यांनी पैसा मिळत नव्हता, नाव तर नाहीच. त्याची बायको फार लवकर गेली, मुलगी लग्न होऊन जबलपूरला गेली, आणि हळूहळू गावही त्याच्यापासून थोडं बाजूला सरकलं. बांधाच्या भांडणांचे अशील दुसऱ्यांकडे गेले. वकिलांच्या खोलीत कोणी म्हणे, “काय केशवराव, आज कोणत्या देशाचं वकीलपत्र?” तो म्हणे, “ज्या देशात माझा चहा निवून राह्यला, त्याचं.” सगळे हसत, तोही हसे. पण त्या खोलीत त्याच्या शेजारची खुर्ची बहुधा रिकामी असे, हे मी पाहिलं आहे. संध्याकाळी तो स्वतः स्टो पेटवून चहा करी. कोणी येईल म्हणून एक कप जास्तीचा ठेवी. बहुतेक वेळा त्या कपात चहा पडतच नसे.

आता हमीदबद्दल सांगायला हवं.

हमीद गिरडचा पिंजारी. दिवाळीआधी तो खांद्यावर पिंजण, म्हणजे कापूस पिंजायची ती माणसाएवढी कमान, घेऊन आमच्या घरी यायचा. दिवसभर लाकडी मोगरीनं कमानीला ताणलेल्या तातीवर ठोके पडायचे आणि सगळं अंगण कापसानं पांढरं व्हायचं. मोठा बोलका माणूस. कापसाचे तंतू भुवयांवर बसलेले असत आणि तो म्हणायचा, “पाहा मास्तरजी, मी तुमच्याआधी म्हातारा झालो.” माझी सुमी तेव्हा तान्ही होती. आईचं दूध पुरत नव्हतं आणि गाईचं तिला सोसत नव्हतं. त्याच दिवसांत हमीदला कराचीहून निरोप आला. त्याचा मेहुणा रेल्वेच्या नोकरीपायी तिकडे गेला होता, तो वारला होता. बहीण एकटी पडली होती. तिला आणायला हमीद निघाला. बायको आमिना आणि अंथरुणाला खिळलेली आई गिरडलाच राहणार होत्या.

जायच्या आदल्या दिवशी तो एक शेळी दोरीनं ओढत आमच्या दारात आला. आमच्याकडे शेळीला बकरीच म्हणतात. म्हणाला, “सुमी बेटीसाठी आनली जी. हिचं दूध लागू पडते.” मी म्हणालो, किंमत सांग. तो म्हणाला, “विकली तर गेली, मास्तरजी. बटईनं ठेवा. आलो का पिल्लं वाटून घेऊ.” ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो. बटईनं म्हणजे बकरी त्याची, चारापाणी आपलं. दूध आपण प्यायचं आणि पिल्लं निम्मी निम्मी. आमच्या भागात ही साधी चाल आहे, त्याला कागद नसतो, साक्षीदार नसतो. एकानं दोरी द्यायची आणि दुसऱ्यानं घ्यायची. मी दोरी घेतली. सुमी त्या बकरीच्या दुधावर वाढली.

बहिणीला घेऊन महिनाभरात येतो म्हणून गेलेला हमीद अडकला. बहीण आजारी पडली, मग परवान्याची भानगड सुरू झाली, मग आणखी काहीतरी… पत्रं यायची, मीच आमिनाला वाचून दाखवायचो. बहीण तिकडेच वारली, इकडे हमीदची आई वारली. अखेर काही वर्षांनी तो आला, तिकडचा पासपोर्ट आणि थोड्या दिवसांचा व्हिसा घेऊन. गिरडच्या स्टँडवर उतरून घरी जायच्या आधी तो माझ्या अंगणात आला होता. ती बकरी तोवर मेली होती, पण तिच्या पिल्लांची पिल्लं खुंट्याला होती. त्यांच्याकडे पाहून तो हसला. “मास्तरजी, वाटा काढा.” मी म्हणालो, सगळ्याच घेऊन जा. तर म्हणाला, “आता नाई. आधी कागद होऊ द्या.”

त्याला केशवकडे मीच घेऊन गेलो. केशवनं आपला प्रश्न विचारला. हमीदनं बायको सांगितली, आई सांगितली. केशव म्हणाला, “ते आहेच. पण बायको मागं ठेवून गेलेले पुष्कळ. सरकार म्हणेल, नंतर बोलावून घेणार होता. शिवाय तू तुझी पिंजण बरोबर नेलीस. धंद्याचं हत्यार नेणारा माणूस राहायलाच गेला, असं म्हणतील.” हमीद म्हणाला, “परमुलखात भीक मागू का, साब? पिंजली गादी, खाल्ली रोटी.” मग जराशानं त्याला बकरी आठवली. केशव माझ्याकडे वळला. त्याचा चेहरा मला अजून दिसतो, लोणच्याच्या बरणीच्या वेळी होता तसाच. “अरे मास्तर, आणि हे तू मला इतके दिवस सांगितलं नाहीस? बकरी बटईनं देणारा माणूस वाटा घ्यायला परत येणारच! याहून मोठा हेतू कोणता? तू शाळेचा मास्तर, हिंदू माणूस, तुझा यात काही फायदा नाही. तुझी साक्ष झाली की झालं.” त्या दिवशी त्यानं तिसरा कप बाहेर काढला आणि तिघंही चहा प्यायलो.

साक्षीच्या आधी काही दिवस मी तहसिलीत कामाला गेलो होतो. बाहेरच्या चहाच्या टपरीवर ओळखीचा एक कारकून भेटला. मी त्याला कौतुकानं ही हकीकत सांगितली. तो बशीत चहा ओतत म्हणाला, “म्हणजे मास्तर, पाकिस्तानात गेलेल्याची मालमत्ता तुमच्या खुंट्याला होती? मग अर्धी बकरी सरकारजमा व्हायची होती की! वर्दी दिली होती का? लपवली म्हणजे गुन्हा असतो बरं!” टपरीवरचे सगळे हसले. एकजण म्हणाला, “अर्धी म्हणजे कोन्ती, पुढची का मागची?” मीही हसलो. पण घरी येईपर्यंत ते हसू उरलं नव्हतं. गेलेल्यांची घरंदारं सरकार ताब्यात घेत होतं, हे मला ठाऊक होतं. लपवणाऱ्यांवर खटले होतात, हेही ऐकलं होतं. माझ्या हेडमास्तरकीच्या बढतीची शिफारस तेव्हा वर गेली होती. बकरीसाठी कोणी मास्तराला पकडत नाही, एवढी अक्कल मला होती. केशवला एका शब्दानं विचारलं असतं तर त्यानं टाळी देऊन हसून माझी भीती घालवली असती. पण मला विचारायची लाज वाटली. भित्रा दिसेन म्हणून मी विचारलं नाही, आणि मग त्याहून वाईट दिसेन असं काहीतरी केलं.

कोर्टात केशवनं मला अगदी सहज विचारलं, जसा तो घरी विचारायचा. “हमीदनं जाताना तुम्हाला बकरी दिली, ती कशी दिली?” तो मला पहिल्यांदाच ‘तुम्ही’ म्हणत होता. मी कठड्याकडे पाहत म्हणालो, “विकत दिली.” विकत म्हणजे माझीच, मग सरकारची अर्धी बकरी उरतच नव्हती. तो थांबला. त्याला वाटलं मी ऐकण्यात चुकलो. “विकत? की बटईनं?” सरकारी वकील लगेच उठले, असा शब्द साक्षीदाराच्या तोंडी देता येणार नाही म्हणाले. केशव उभाच राहिला, कागद न उलटता, आणि मग बसला. मागून हमीदचा आवाज आला, “मास्तरजी, काऊन असं बोलता जी? सुमी बेटीची बकरी…” त्याला गप्प बसवलं गेलं. मी कठड्यातून उतरलो तेव्हा खाली उतरायला एकच पायरी आहे हे मी विसरलो आणि अडखळलो. केशवनंच मला सावरलं.

बाहेर लिंबाखाली तो मला म्हणाला, “चुकलं माझं. हमीदनं सांगितलं आणि मी डोळे मिटून धरून चाललो. तुला आधी नीट विचारून घ्यायला हवं होतं.” त्यानं माझ्यावर विश्वास ठेवला होता आणि हमीदवरचा काढून घेतला होता. गिरडच्या मोटारीची वेळ झाली होती, मी निघालो. घरी बायकोला सांगितलं तेव्हा ती निवडायचं सूप खाली ठेवून एवढंच म्हणाली, “सुमीच्या दुधाची तरी लाज ठेवायची.” त्यानंतर तिनं तो विषय कधी काढला नाही, आणि मी पुढच्याच बाजारी सगळ्या बकऱ्या विकून टाकल्या.

दावा गेला. हमीदला जायचा हुकूम झाला. त्याला गाडीत बसवायला वर्ध्याच्या स्टेशनवर केशव गेला होता. मी गेलो नाही. शाळेत तपासणी होती असं मी कळवलं, आणि तपासणी खरोखरच होती. तेवढंच माझ्या बाजूचं खरं. केशवनं नंतर सांगितलं की हमीद पिंजण घेऊन आला होता आणि गाडी सुटायच्या आधी ती त्याच्या हातात देऊन म्हणाला, “या बारीले हे इथंच ठेवतो, वकीलसाब. मागल्या बारीले नेली तेच चुकलं.” ती पिंजण केशवनं आपल्या खोलीत खुर्चीच्या मागच्या भिंतीवर खिळ्याला टांगली. कायदा हमीदला कळला होता. मागं काहीतरी ठेवून जायचं असतं, हे तो शिकला होता.

आमिनाही निघाली होती नवऱ्यापाठोपाठ. केशवनं तिला थांबवलं. “तू गेलीस तर मग त्याच्यासाठी मला एकही दार ठोठावता येणार नाही. इथं थांब. मी दिल्लीला लिहितो.” ती थांबली. एका वकिलाच्या शब्दावर गिरडच्या त्या घरात ती एकटी राहिली, लोकांच्या गोधड्या शिवत. महिन्या-दोन महिन्यांनी हिंगणघाटवरून गाडीनं वर्ध्याला यायची, बाकावर बसायची आणि विचारायची, “काही आलं का जी?” केशव म्हणायचा, “अजून नाही. येईल.” मग तो तिला चहा करून द्यायचा. ती प्यायची आणि परत जायची. नवा कायदा आला, आता अशा गोष्टी कोर्टात नाही, दिल्लीत ठरतात असं झालं. आपला जिल्हाही मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात गेला. तेव्हा केशव म्हणाला होता, “पाहा मास्तर, मी खुर्चीतून न हलता माझं राज्य बदललं. कोणी म्हणालं का मला, की जा भोपाळला?”

तोवर माझी बदली सेलूला झाली होती. हेडमास्तर म्हणून. रविवारी मी वर्ध्याला त्याच्याकडे जायचो. मी सोडून आता त्याच्याकडे फारसं कोणी येत नव्हतं. एका रविवारी मी आत बसलो असताना आर्वीकडचा एक माणूस आला, तसाच, परत आलेला. केशवनं चष्मा लावला आणि विचारलं, “कागद काय काय आहेत?” मी वाट पाहत राहिलो. त्यानं दुसरं काहीच विचारलं नाही. माणूस गेल्यावर मी म्हणालो, “मागं काय ठेवलं ते नाही विचारलंस?” तो स्टोला पंप मारत होता. पाठमोराच म्हणाला, “माणसं काहीही सांगतात रे. आपण ऐकून घेतो आणि मग त्यांचंच नुकसान होतं.” त्या क्षणी सांगायला हवं होतं. दार उघडं होतं, खोलीत आम्ही दोघंच होतो, आणि त्याच्या मागं भिंतीवर ती पिंजण होती. मी म्हणालो, “चहात साखर जरा कमी टाक.”

शेवटची भेट थंडीतली. त्याच्या पायांना सूज होती आणि जिना चढल्यासारखा श्वास तो बसल्या जागी घेत होता. मांडीवर दिल्लीला पाठवायचा हमीदचा अर्ज होता, कितव्यांदा तरी नव्यानं लिहायला घेतलेला. मला म्हणाला, “यात बकरी घालता आली असती तर… पण कोर्टानं ती खोटी ठरवलीय. एक मात्र मला समजत नाही मास्तर, हमीदनं मला खोटं का सांगितलं असेल? तो तसा वाटत नव्हता रे.” पुष्कळदा मी स्वतःची समजूत घातली आहे की केशवला सगळं ठाऊक होतं आणि तो मला बोलायची संधी देत होता. पण ते खरं नाही. असं आडून विचारणं त्याच्या स्वभावात नव्हतं. तो खरोखरच विचारत होता. त्याला एकट्याला ते कोडं सुटत नव्हतं आणि जगात विचारायला त्याला मीच होतो. मी त्याच्या पायांवर पांघरूण सारलं आणि म्हणालो, “आधी बरा हो. मग बोलू.” तो म्हणाला, “येजो मग पुढच्या रविवारी.” आणि त्या रविवारी मी सेलूत एका लग्नाला गेलो.

आता थोडं पुढचं आधी सांगून टाकतो, म्हणजे शेवट मला शेवटी लिहिता येईल. गेल्या पंधरवड्यात मी नागपूरला एका वकिलाकडे जाऊन शपथेवर खरं लिहून दिलं आहे. केशवचा अर्धा राहिलेला अर्ज त्यांनी घेतला आहे. त्यांनी मला बजावलं की यात तुमच्यावरही काही येऊ शकतं. येऊ दे. हमीद कराचीला आहे, गाद्या पिंजत नाही, कोणाच्या तरी वखारीत राखण करतो. त्याला परत येता येईल की नाही हे त्या वकिलांना सांगता आलं नाही. “सात वर्षांपूर्वी सांगितलं असतंत तर…” असं काहीतरी म्हणायला त्यांनी सुरुवात केली आणि माझ्याकडे पाहून सोडून दिलं.

केशव गेल्यावर त्याची मुलगी जबलपूरहून आली होती. घर भाड्याचं, रिकामं करायचं होतं. पुस्तकं, कागद बांधायला तिनं मला बोलावलं आणि ती शेजारच्यांकडे भांडी द्यायला गेली. दुपारची वेळ होती. स्टोवर एक भांडं उपडं होतं, शेजारी दोन कप आणि तो तिसरा. मी कपाटातले कागद बांधले. सगळं झाल्यावर खुर्ची सरकवून भिंतीवरची पिंजण काढायला हात घातला. खिळा गंजला होता. ओढताना तातीवर माझा हात बसला आणि तो आवाज झाला… कापूस पिंजताना होतो तो, घरभर घुमणारा. आणि ओसरीवरून बाईचा आवाज आला, “वकीलसाब, पिंजण काऊन काढून राह्यले जी?”

आमिना बाकावर बसली होती. कधी आली ते मला कळलं नव्हतं. दाराला कडी नव्हतीच. तिला कोणी कळवलं नव्हतं. ज्या माणसाच्या शब्दावर ती इतकी वर्षं थांबली, तो गेला हे तिला कळवावं असं आमच्यापैकी एकाच्याही मनात आलं नव्हतं. मला पाहून तिनं पदर सारखा केला. “मास्तरजी, तुम्ही? वकीलसाब बाहेर गेले का?” मी सांगितलं. ती रडली नाही. तिनं उघड्या दारातून आतल्या रिकाम्या कपाटांकडे पाहिलं, माझ्या हातातल्या पिंजणीकडे पाहिलं, आणि म्हणाली, “मंग आता मी कोनाले विचारू? काही आलं का म्हनून?”

त्या बाकावर मी कधी बसलो नव्हतो. मी नेहमी सरळ आत जायचो. बाक वाट पाहणाऱ्यांसाठी होता. त्या दिवशी मी पिंजण भिंतीला टेकवली आणि बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसलो. रस्त्यावरून एक बैलगाडी सरकी घेऊन गेली, ती वळणापलीकडे जाईपर्यंत मी थांबलो. मग म्हणालो, “आमिनाबी, हमीदनं सुमीसाठी बकरी आणली होती, ती बटईची होती.”

ती म्हणाली, “मले माहीत आहे. दोरी मीच वळली होती.”

मग खाली पाहत तिनं विचारलं, “पयल्या खेपेले किती झाले होते तिले?”

“दोन. एक पांढरं, एक कबरं.”

“मंग त्यातलं एक आमचं होतं.”

“हो,” मी म्हणालो. “एक तुमचं होतं. मी घाबरून कोर्टात खोटं बोललो. हमीद खरं सांगत होता आणि केशवची रीत बरोबर होती. त्याला हे मी सांगितलं नाही, तुम्हाला सांगतो आहे. मला माफ करा, आमिनाबी.”